उंची हवी की आराम? मोटारीच्या स्प्रिंगांचे गणित

खडबडीत रस्त्याने जाणारा रिकामा ट्रक तुम्ही अनेकदा पाहिला असेल. प्रत्येक खड्ड्यागणिक त्याचा मागचा भाग थाडथाड उडत असतो. तोच ट्रक माल भरून परत येतो, तेव्हा त्याच खड्ड्यांवरून तो डुलत डुलत, जणू सावकाश श्वास घेत जातो. ट्रक तोच, पाटे तेच आणि रस्ताही तोच. मग हा फरक कसा पडला?

या साध्या प्रश्नाच्या उत्तरात मोटारगाडीच्या आरामाचे सारे रहस्य दडलेले आहे. हल्ली पुष्कळ हौशी लोक गाडी घेतल्यावर तिच्या मूळच्या स्प्रिंगा काढून बाजारातून दुसऱ्या स्प्रिंगा व शॉक ॲब्सॉर्बर आणून बसवतात. कोणाला गाडी शर्यतीच्या गाडीसारखी जमिनीलगत हवी असते, तर कोणाला गतिरोधकावर तळ घासू नये म्हणून ती उंच हवी असते. काही दिवसांनी यांपैकी बरेच जण तक्रार करू लागतात, की गाडी दिसते छान, पण आत बसवत नाही. असे का होते, हे शाळेत शिकलेल्या पदार्थविज्ञानाच्या आधारे आपण समजून घेऊ.

स्प्रिंग किती दबली?

स्प्रिंगवर जितका भार जास्त, तितकी ती जास्त दबते किंवा ताणली जाते. रॉबर्ट हूक या इंग्लिश शास्त्रज्ञाने १६७८ मध्ये हा नियम प्रसिद्ध केला. दुप्पट भार ठेवला तर स्प्रिंग दुप्पट दबेल. स्प्रिंग १ मिलिमीटर दाबायला जितके बल लागते, त्याला आपण तिचा ताठरपणा म्हणू.

आता प्रयोगशाळेतून एक हलकी, सैल वेढ्यांची स्प्रिंग घ्या. तिचे वेढे एकमेकांना घट्ट चिकटलेले नसावेत. ती खुंटीला टांगून तिला असे वजन लावा, की ती बरोबर १६ सेंमी ताणली जाईल. वजन थोडे खाली ओढून सोडा आणि २० आंदोलनांना किती वेळ लागतो ते मोजा. जवळजवळ १६ सेकंद लागतील. वजन कमी करून ताण ९ सेंमीवर आणा. आता सुमारे १२ सेकंद लागतील. ताण ४ सेंमीवर आणला, तर ८ सेकंद पुरतील.

यातून एक सुटसुटीत नियम निघतो. स्प्रिंग भाराखाली जितके सेंटिमीटर दबते, त्या संख्येचे वर्गमूळ काढावे आणि ५ ला त्याने भागावे. दर सेकंदाला होणारी आंदोलने, म्हणजेच वारंवारता, आपल्याला मिळते.

वारंवारता = ५ ÷ √(दबलेले सेंटिमीटर)

यातला ५ हा आकडा पृथ्वीच्या गुरुत्वत्वरणातून येतो. ९८१ चे वर्गमूळ काढून त्याला २π ने भागा, म्हणजे ४.९८ येतील. गंमत अशी, की या सूत्रात वजनही नाही आणि स्प्रिंगचा ताठरपणाही नाही! जड ट्रक असो की मुलांची ढकलगाडी असो, भाराखाली स्प्रिंग सारखीच दबत असेल, तर दोन्ही सारख्याच तालात डुलतील.

आता ट्रकचे कोडे सुटते. समजा, माल भरल्यावर ट्रकचे मागचे पाटे १२ सेंमी दबतात आणि रिकामा असताना ३ सेंमी. म्हणजे भरलेला ट्रक सेकंदाला सुमारे १.४ वेळा डुलेल आणि रिकामा सुमारे २.९ वेळा. ते पाटे मालासाठी बनवलेले असतात, त्यामुळे रिकाम्या गाडीला ते ताठर पडतात.

शरीराला कोणता ताल सोसतो?

आपण चालतो तेव्हा सेकंदाला साधारण दोन पावले टाकतो आणि प्रत्येक पावलाला शरीर थोडे वरखाली होते. या मंद तालाची शरीराला जन्मभराची सवय असते. म्हणून प्रवासी मोटारींची वारंवारता बहुधा १ ते १.५ च्या आसपास ठेवतात. याउलट सेकंदाला ४ ते ८ कंपने आपल्याला सर्वांत जास्त जाचतात, कारण बसलेल्या माणसाचे धड आणि पोटातले अवयव याच तालाला अनुस्पंदन पावतात, म्हणजे त्या कंपनांना साथ देऊन स्वतःही जोरात हलू लागतात. फार मंद हेलकावेही बरे नव्हेत. दोन ते दहा सेकंदांना एक अशा हेलकाव्यांनी काहींना बोट लागते, तसे मळमळू लागते.

तेव्हा आरामाची पहिली अट अशी, की स्प्रिंग भाराखाली पुरेशी दबली पाहिजे. सेकंदाला एक आंदोलन हवे असेल, तर ती २५ सेंमी दबायला हवी. २ आंदोलने चालत असतील, तर ६ सेंमी पुरतात.

गाडी खाली आणली, की काय होते?

एक उदाहरण करून पाहू. समजा, मोटारीच्या पुढच्या एका चाकावरील स्प्रिंगवर ३०० किलोग्रॅमचा भार आहे आणि स्प्रिंग १ मिलिमीटर दाबायला २० न्यूटन बल लागते. भार झाला ३०० × ९.८ = २९४० न्यूटन. म्हणून स्प्रिंग १४७ मिलिमीटर, म्हणजे १४.७ सेंमी दबेल आणि वारंवारता सुमारे १.३ येईल. हा आरामशीर ताल झाला.

स्प्रिंग दबता दबता एका मर्यादेपलीकडे गेली, तर लोखंडावर लोखंड आपटू नये म्हणून तेथे एक रबरी ठोकळा बसवलेला असतो. समजा, गाडी उभी असताना या ठोकळ्यापर्यंत ८ सेंमी अंतर शिल्लक आहे. खड्ड्यातून बाहेर पडणारे चाक वर उसळते, ते या ८ सेंटिमीटरांतच थोपवायचे असते. हे अंतर म्हणजे गाडीची शिल्लकच समजा. खड्ड्यांचा खर्च त्यातूनच भागवायचा.

आता गाडी खाली आणण्यासाठी मालकाने स्प्रिंगचा एक वेढा कापून टाकला. हा उद्योग पुष्कळ ठिकाणी चालतो. समजा, स्प्रिंगला ८ वेढे होते व मोकळी लांबी ४० सेंमी होती. आता ७ वेढे व ३५ सेंमी राहिली. पण वेढे कमी झाले की स्प्रिंग ताठर होते, कारण तेच बल आता कमी तारेला पिळते. नवा ताठरपणा २० × ८ ÷ ७, म्हणजे सुमारे २२.९ न्यूटन. पूर्वी भाराखाली स्प्रिंगची लांबी २५.३ सेंमी होती, ती आता २२.१ सेंमी होईल. गाडी ३.२ सेंमी खाली आली.

वारंवारता १.३ वरून १.४ झाली. हा फरक किरकोळ आहे. पण शिल्लक पाहा! ८ सेंमी होती, ती ४.८ सेंमी उरली. स्प्रिंगमध्ये साठणारी ऊर्जा ही ताठरपणाच्या निम्मी गुणिले दबलेल्या अंतराचा वर्ग इतकी असते. त्यानुसार ठोकळ्याला टेकेपर्यंत पूर्वीची गाडी ६४ जूल ऊर्जेचा धक्का झेलू शकत होती. आता ती जेमतेम २६ जूल झेलते. स्प्रिंग अधिक ताठर झाली, तरी धक्का सोसण्याची तिची ताकद निम्म्याहूनही खाली आली! ज्या खड्ड्यावरून गाडी काल सहज जात होती, त्यावर ती आज धाडकन आपटेल.

मग यावर उपाय काय? ४.८ सेंटिमीटरांतच ६४ जूल साठवायचे, तर स्प्रिंग २.८ पट ताठर हवी, म्हणजे मिलिमीटरला सुमारे ५५.६ न्यूटन. ती भाराखाली ५.३ सेंमी दबेल आणि वारंवारता सेकंदाला सुमारे २.२ होईल. हा रिकाम्या ट्रककडे झुकणारा ताल झाला.

या लेखाचे सार या एका उदाहरणात आहे. आराम अंतरातून येतो. उंची घटवून ते अंतर खाल्ले, तर त्याची किंमत एक तर आपटण्यात द्यावी लागते, नाही तर ताठरपणात. गुळगुळीत शर्यतमार्गावर ही किंमत परवडते, कारण तेथे खड्डे नसतात आणि गुरुत्वमध्य खाली आल्याने वळणावर फायदा होतो. आपल्या रस्त्यांवर ती दररोज मोजावी लागते.

आणि उंच केली तर?

उंच केल्याने खड्ड्यांची शिल्लक वाढू शकते, पण गुरुत्वमध्यही वर जातो. डाव्या-उजव्या चाकांतील अंतर १५० सेंमी आणि गुरुत्वमध्याची उंची ५५ सेंमी असेल, तर गाडी उलटायला तिच्या वजनाच्या सुमारे १.३६ पट आडवे बल लागेल. उंची ६० सेंमी झाली, की १.२५ पट पुरेल. खऱ्या गाडीत स्प्रिंगा व टायर एका बाजूला दबत असल्याने हे आकडे आणखी खाली येतात. वळणावर गाडी जास्त कलते, हे तर आत बसलेल्यालाही जाणवते.

दिव्यांचेही पाहा. मंद दिव्याचा झोत दर १० मीटरला सुमारे १० सेंमी खाली उतरेल असा लावलेला असतो. पुढच्या व मागच्या चाकांत २.५ मीटर अंतर असलेल्या गाडीचे फक्त नाक २.५ सेंमी वर केले, तर हा सारा उतार नाहीसा होतो आणि झोत थेट समोरच्या चालकाच्या डोळ्यांत शिरतो. स्प्रिंगमध्ये केलेला दोन बोटांचा बदल असा दुसऱ्याच्या जिवावर बेतू शकतो.

उंचीचा नट आणि एक गैरसमज

बाजारात मिळणाऱ्या एका प्रकारात शॉक ॲब्सॉर्बरच्या नळीवर आटे पाडलेले असतात व त्यांवर एक गोल नट फिरतो. स्प्रिंग या नटावर बसते. या जोडणीला ‘कॉइलओव्हर’ म्हणतात. नट वर फिरवला की गाडी वर जाते, खाली फिरवला की खाली येते.

पुष्कळांना वाटते, की नट आवळला की स्प्रिंग ताठर होते. तसे नाही. आपल्या उदाहरणातील स्प्रिंगवर भार २९४० न्यूटनच राहणार. तो पेलायला तिला १४.७ सेंमीच दबावे लागणार, मग नट कोठेही असो. नट २ सेंमी वर नेला, तर स्प्रिंग आणखी दबत नाही, गाडीच २ सेंमी वर उचलली जाते. वारंवारता तीच राहते. बदलते ती शिल्लक. वर जायची जागा आणि खाली यायची जागा यांची वाटणी नटाने बदलते.

मोटरसायकलच्या मागच्या स्प्रिंगाखाली पायऱ्यापायऱ्यांची एक कडी अनेक गाड्यांना असते. मागे कोणी बसणार असेल, तर मेकॅनिक ती एकदोन पायऱ्या वर फिरवायला सांगतो. तिचे कामही हेच. दोघांच्या भाराने खाली बसलेली गाडी ती पुन्हा मूळ उंचीवर आणते. स्प्रिंग मात्र होती तशीच राहते.

काही महागड्या जोडण्यांत नळीचा खालचा भाग वेगळा फिरवून संपूर्ण नळीचीच लांबी कमीजास्त करता येते. त्यामुळे शिल्लक न बदलता उंची बदलते. अर्थात, चाक मडगार्डला घासणार नाही ना, हे तेथेही पाहावे लागतेच.

शॉक ॲब्सॉर्बर काय करतो?

याचे नाव फसवे आहे. धक्का झेलते ती स्प्रिंग. शॉक ॲब्सॉर्बर गाडीचा भार जवळजवळ उचलतच नाही. त्याचे काम स्प्रिंगचे डुलणे थांबवण्याचे.

बादलीतल्या पाण्यात हात हळू फिरवा, विरोध जाणवत नाही. जोराने फिरवा, पाणी अडवते. शॉक ॲब्सॉर्बरच्या नळीत तेल असते आणि त्यात दट्ट्या वरखाली होतो. दट्ट्याला बारीक छिद्रे व झडपा असतात. दट्ट्या जितक्या वेगाने हलेल, तितका तेलाचा विरोध वाढतो. स्प्रिंगमध्ये साठलेली ऊर्जा अशा रीतीने उष्णतेत बदलते. वाईट रस्त्याने बराच वेळ आलेल्या गाडीच्या या नळ्या तापलेल्या असतात, त्याचे कारण हेच.

जुळवता येण्याजोग्या शॉक ॲब्सॉर्बरवर एक घुंडी असते व ती खटक्याखटक्याने फिरते. प्रत्येक खटक्याला तेलाची वाट थोडी अरुंद किंवा रुंद होते. घुंडीने उंची बदलत नाही, वारंवारताही फारशी बदलत नाही. बदलते ते डुलणे किती लवकर थांबते ते. वाट फार रुंद ठेवली, तर गाडी होडीसारखी हेलकावत राहते. फार अरुंद ठेवली, तर रस्त्याची बारीक खरखरही थेट आसनापर्यंत पोहोचते. त्यातही एक खुबी आहे. स्प्रिंग सुटून लांब होताना विरोध फारच जास्त असेल, तर लागोपाठच्या खड्ड्यांत एका धक्क्यातून चाक सावरायच्या आतच दुसरा येतो. गाडी हळूहळू खाली खेचली जाते आणि पुन्हा शिल्लक संपते!

स्प्रिंग बदलली, तर शॉक ॲब्सॉर्बरही तिला जुळणारा हवा. आवश्यक विरोध ताठरपणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. २.८ पट ताठर स्प्रिंगला सुमारे १.७ पट विरोध लागेल. जुना शॉक ॲब्सॉर्बर तसाच ठेवला, तर गाडी ताठर तर होईलच, शिवाय उडतही राहील.

पुढची चाके आणि मागची चाके

रस्त्यावरचा उंचवटा आधी पुढच्या चाकांना लागतो, मग मागच्या. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या, २.५ मीटर चाकांतर असलेल्या गाडीत हा फरक सुमारे ०.१५ सेकंदाचा असतो. दोन्हीकडचा ताल अगदी सारखा ठेवला, तर मागचा भाग कायम मागेच पडतो आणि गाडी घोड्यासारखी पुढेमागे झुलते. रोल्स-रॉइसमधून अमेरिकेतील जनरल मोटर्समध्ये गेलेले अभियंते मॉरिस ओली यांनी १९३० नंतरच्या काही वर्षांत यावर प्रयोग केले. गाडीच्या पुढेमागे हलवता येणारी वजने लावून त्यांनी निरनिराळे ताल स्वतः बसून अनुभवले. पुढच्या स्प्रिंगा मागच्यांहून थोड्या मऊ ठेवल्या, तर मागचा भाग उशिरा सुरुवात करूनही पुढच्याला गाठतो आणि गाडी सपाट राहून वरखाली होते, असे त्यांना आढळले. म्हणून फक्त पुढच्या दोन स्प्रिंगा बदलणे हा अर्धवट उपाय ठरतो.

जुळवणी कशी करतात?

जाणता मेकॅनिक ही जुळवणी प्रयोगशाळेतल्या प्रयोगासारखी करतो. प्रथम टायरमधील हवा योग्य करून गाडी सपाट जागी उभी करतो. नेहमीचा भार आत ठेवतो. गाडी काही मीटर पुढेमागे करून स्प्रिंगांना मोकळे होऊ देतो आणि मगच चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर चारही ठिकाणी मोजून लिहून ठेवतो. नट फिरवताना डावी-उजवी बाजू सारखी ठेवतो. उंची ठरली, की चाकांची दिशा व कल पुन्हा तपासून घेतो, कारण उंची बदलली की चाके तिरपी होतात व टायर एका कडेने झिजतो. त्यानंतर दिव्यांचे झोत लावतो. शॉक ॲब्सॉर्बरची घुंडी सर्वांत शेवटी येते. त्याच रस्त्यावरून, त्याच वेगाने, दोनदोन खटके बदलत तो चाचणी घेतो. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा त्याचा नियम.

दोन सूचना मात्र लक्षात ठेवा. दबलेल्या स्प्रिंगमध्ये शेकडो किलोग्रॅमचे बल कोंडलेले असते, ती अचानक सुटली तर प्राणघातक ठरते. म्हणून ती उघडण्याचे काम हत्यारे व अनुभव असलेल्या मेकॅनिकचेच आहे. दुसरे असे, की उत्पादकाने मूळ ठरवलेल्या व नोंदणीपुस्तकात लिहिलेल्या तपशिलांशी विसंगत ठरतील असे बदल करण्यास आपल्या देशात १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम मनाई करते. बदल करण्यापूर्वी परिवहन कार्यालयात विचारून घेणे शहाणपणाचे.

उंची आणि आराम यांचे भांडण कायमचे मिटवण्याचा एक प्रसिद्ध प्रयत्न फ्रान्समध्ये झाला. १९५५ मध्ये सित्रोएन कंपनीने ‘डीएस’ ही मोटार पॅरिसच्या प्रदर्शनात मांडली. तीत पोलादी स्प्रिंगांऐवजी गोलकांत कोंडलेला नायट्रोजन वायू होता आणि तेलाच्या दाबाने गाडी वरखाली करता येई. माणसे बसली की गाडी थोडी दबे आणि आपोआप पुन्हा पूर्वीच्या उंचीवर येई. आजच्या लांब पल्ल्याच्या अनेक बसगाड्यांत हवेच्या रबरी पिशव्या हेच काम करतात. भार वाढला, की पिशवीत आणखी हवा भरली जाते. भार बदलला तरी उंची तीच राखायची, अशी ही युक्ती आहे.

करून पाहा

१. वर दिलेला स्प्रिंगचा प्रयोग करून ताण व आंदोलनकाल यांचा आलेख काढा. ताणाऐवजी ताणाचे वर्गमूळ घेतले, तर आलेख कसा येतो?

२. घरच्या मोटारीत चार माणसे बसण्यापूर्वी व बसल्यानंतर मडगार्डची उंची मोजा. माणसांचे वजन विचारून चारही स्प्रिंगांचा मिळून ताठरपणा किती, याचा अंदाज काढा.

३. उभ्या गाडीचा एक कोपरा मोठ्या माणसाला जोराने दाबून सोडायला सांगा. गाडी एकदा वर येऊन स्थिरावते, की डुलत राहते? त्यावरून शॉक ॲब्सॉर्बरविषयी काय सांगता येईल?